आकार अनियमित

दि. ३ नोव्हेंबर

चि. बारक्यास, अ. आ.

तुझ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरातून माझी वीस किलो गाजरं काल परत आली. सोबत तुझ्याच सहीची चिठ्ठी: ‘आकार अनियमित.’ ज्याच्या शर्टाचं बटण पोटावर लागत नाही, त्याने आकाराबद्दल बोलावं! सकाळी उपटलेली, फवारणीचा थेंब न लागलेली गाजरं ती. जरा वाकडी होती, कबूल. मी तीस वर्षं शाळेत वाकडीच पोरं शिकवली. एकही परत पाठवलं नाही. तुलासुद्धा.

माझी माया सध्या जपून वापर, नवी येईल तेव्हा येईल.

तुझी,
ताई

दि. ६ नोव्हेंबर

ति. ताईस, शि. सा. न. वि. वि.

चिडू नकोस. दोष सोलायच्या यंत्राचा आहे. मागे तुझं एक दोन पायांचं गाजर आत गेलं, तेव्हा त्याने असा टाहो फोडला की भूल दिलेला पेशंट उठून बसला, असं मोठे डॉक्टर अजून सांगत फिरतात. भाजीच्या ठेकेदाराचा ट्रक दोन दिवस प्रवास करून येतो, पण गाजरं पट्टीसारखी सरळ. चवही पट्टीसारखीच, हे आपल्या दोघांत ठेव.

लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
बारक्या

दि. ११ नोव्हेंबर

ति. ताईस, शि. सा. न.

घाईत लिहितोय. नदीवरच्या पुलाला तडा गेलाय. ट्रक पलीकडे, मी अलीकडे, मध्ये नदी. दोनशे रुग्ण आणि कोठारात नुसते बटाटे. आज तिसऱ्या दिवशी बाळंतिणींच्या खोलीतून ताटं तशीच परत आली आणि पाठोपाठ मोठ्या नर्सबाई. बाळंतिणींनी खायचं काय, असं त्यांनी विचारलं. म्हणून हे पत्र. वाकडं, तिकडं, गाठाळ, काहीही पाठव.

तुझा,
बारक्या

दि. १२ नोव्हेंबर

चि. बारक्यास, अ. आ.

अडला हरी... म्हण पुरी करत नाही, कारण गाढव मीच ठरते.

शिंप्याचं बंद परस सोडून गल्लीतली सगळी परसं पालथी घातली. दोनशे माणसांपुरतं एकट्या कुणाकडेच नाही. पण पोस्टमनकडे घेवडा, न्हाव्याकडे दुधी, सुईणीकडे टोमॅटो, माझ्याकडे गाजरं आणि कोबी. घरचं बियाणं आम्ही एकमेकांत वाटून लावतो, त्यामुळे एकाचं पीक बसलं तरी दुसऱ्याचं उभं असतं. हातगाडी भरली आहे. पोस्टमन आणि न्हावी भांडत भांडत ढकलत आणतायत.

दोन अटी. गाजरं तू स्वतः सोलायची. आणि साली-देठ त्याच गाडीतून आमच्या खताला परत पाठवायचे. कोबीत अळी निघाली तर किंचाळू नकोस. फवारणी नसल्याचा तो चालता दाखला आहे.

पोटभर आशीर्वाद.

ताई

दि. २२ नोव्हेंबर

ति. ताईस, शि. सा. न. वि. वि.

दहा दिवस सोलतोय. चार बोटांना पट्ट्या आहेत. अळी निघाली ती नेमकी मोठ्या डॉक्टरांच्या ताटात. मी किंचाळलो नाही, ते किंचाळले. मग अळी बाजूला ठेवून त्यांनी भाजी दोनदा मागून घेतली.

काल पूल सुरू झाला, ट्रक आला. ठेकेदारासमोरच डॉक्टरांनी मला विचारलं, आता काय करायचं. नोकरी डोळ्यांपुढे नाचत होती. तरी म्हणालो, की आठवड्याचे तीन दिवस गल्लीचीच भाजी घेऊ, कारण हल्ली ताटं रिकामी परत येतात. ते हो म्हणाले, पण पालेभाजी हवीच, नाहीतर पुन्हा ट्रक. तुमच्याकडे ती कुणीच लावत नाही ना?

उत्तराची आणि तुझ्या मायेची वाट पाहतो.

तुझा,
बारक्या

दि. २६ नोव्हेंबर

चि. बारक्यास, अ. आ.

ठेकेदारासमोर बोललास! पत्र मी दोनदा वाचलं, अक्षर तुझंच आहे ना याची खात्री करायला.

पालेभाजी आमच्या गल्लीत फक्त शिंप्याची बायको लावायची. ती गेल्याला वर्ष झालं. तेव्हापासून त्याने परसाचं दार उघडलं नव्हतं, की कुणाशी धड बोलला नव्हता. तरी गेले आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. त्याने ऐकलं आणि दार लावून घेतलं. मी हात हलवत परत.

आज सकाळी कुदळीचा आवाज आला. कुंपणावरून पाहिलं, तर गळ्यात टेप अडकवून स्वारी वाफे मापत होती, काठावर शिंप्याच्या खडूने रेघा! मला पाहताच त्याने विचारलं, की रुग्ण किती, म्हातारे किती, पानं कोवळीच खुडायची का. वर्षभराचं बोलणं एका दमात. मग बायकोने बांधून ठेवलेली पालकाच्या बियांची पुरचुंडी काढून विचारलं, की एवढं जुनं बी उगवेल का.

उगवेल, मी म्हणाले. मग दोघांनी मिळून पेरलं.

सर्वांना मायेचे आशीर्वाद.

ताई