बारावा अंगठा

मी, एदुविखेस लारिको, वय एकसष्ट, विधवा, धंदा दगड वेचणे, राहणार कोरिवायको खाणवस्ती, हे मृत्युपत्र शाळेचे मास्तर मातेओ सुक्सो यांच्याकडून लिहवून घेते. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणाच्याही दडपणाखाली नाही, असे लिहायची पद्धत आहे म्हणतात. दडपण आहे. सकाळपासून चारदा दाराची कडी तपासली. मास्तर, हे खोडू नका.

१. बोगद्यातून फेकलेले दगड पडतात त्या उतारावरची माझी पट्टी, पांढऱ्या खडकापासून पाण्याच्या पिंपापर्यंत, मुलगी नेली हिला. ही जागा आईकडून मुलीकडेच जाते. बाई बोगद्यात शिरली तर डोंगराची म्हातारी रुसते आणि सोने लपवते, असे पुरुष सांगतात. म्हणून ते आत जाऊन मेले आणि आम्ही बाहेर बसून त्यांनी टाकलेल्या दगडांतली कणी वेचली.

२. हातोडा आणि दगड भरडायचा मोठा डुलता धोंडा नणंद फेलिपा हिला. एकोणीस वर्षांपूर्वी तिने माझ्या पट्टीतली चार हात जागा खाल्ली, ते मी विसरलेले नाही. पण धोंडा डुलवायला दोघी लागतात. तिला नेलीशी बोलावेच लागेल.

३. नवरा एमेतेरियो याचा खाणीत डोक्यावर घालायचा टोप माझ्याबरोबर पुरावा. काळ्या टोपीवाल्यांच्या टोळीने बोगदा बळकावला, तेव्हा तो तोंडाशी उभा राहून म्हणाला, "अरे, निदान आतल्या माणसांना तरी बाहेर येऊ द्या." त्याला तिथेच गोळी घातली. त्याच्या नवव्या दिवशी मी सैन्य मागवण्याचा अर्ज केला.

४. आता मुख्य गोष्ट. कचेरीतला कारकून म्हणाला, "बारा अंगठे नसतील तर कागद पुढे सरकत नाही, मावशी." अंगठा द्यायला तयार आम्ही अकराच बायका. मी बारावे नाव नेलीचे सांगितले आणि तिला न विचारता माझाच डावा अंगठा उठवला.

सैन्य आले. टोळी डोंगरापलीकडे पळाली. आम्ही जवानांना बटाट्याचे गरम सूप पाजले. कप्तान इतके खूश झाले, की चौकात भोंग्यावरून आमचे आभार मानले, एकेकीचे नाव घेऊन, बाराच्या बारा. माणूस भला आहे, अक्कल तेवढी कमी. टोळीची काही माणसे टोप्या काढून त्याच चौकात बिअर पीत बसली होती.

आठवड्याच्या आत यादीतली दुसरी, साबिना, ओढ्यात सापडली. परवा तिसरी. पहिले नाव माझे. मला का सोडले ते कळत नाही, आणि त्यानेच जीव थाऱ्यावर नाही.

नेली भडकली. "माझं नाव घालताना तोंड शिवलं होतं का तुझं, आई?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"मग नाहीच होतं ना ते!"

तिचे बरोबर आहे. खाली शहरात जा म्हटले, तर म्हणते, "तुला इथं टाकून? काहीतरीच बोलू नकोस." चुकले मी, पोरी.

५. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. हे उद्याच, भर दुपारी, मी समोर उभी असताना, त्याच चौकात, त्याच भोंग्यावरून वाचावे. कप्तानांना कालच सांगितले. ते म्हणाले, "मावशी, असं वाचलं तर सगळं तुमच्या एकटीच्या अंगावर येईल." मी म्हटले, "साहेब, तेव्हा बारा नावं वाचलीत. आता एक वाचा."

तर ऐका. नेलीने अंगठा दिलेला नाही. तिला अर्जाची खबरही नव्हती. अर्जाची नक्कल सोबत जोडली आहे. खाली माझे दोन्ही अंगठे आहेत: उजवा पहिल्या नावापुढचा, डावा बाराव्या नावापुढचा. ज्याला शंका असेल त्याने जुळवून पाहावे. तरीही शंका उरली तर माझ्या दारी यावे. कडी उघडी ठेवते.

उजवा अंगठा: एदुविखेस लारिको
डावा अंगठा: तीच

साक्षीदार: मातेओ सुक्सो, मास्तर
फेलिपा माचाका, नणंद (चार हातांची गोष्ट मान्य नाही, बाकी सगळे माझ्यासमोर)

कोरिवायको, १४ जून