पिशवीतला श्वास

३ जून
दवाखान्यातल्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी तपासणीची स्वतंत्र खोली मिळाली! खिडकी, यंत्र, भिंतीवर खुंट्या. रुग्णाने औषधाचं पाणी प्यायचं, जरा थांबायचं आणि चंदेरी पिशवीत फुंकर मारायची. पोटात जंतू असले तर श्वासात सापडतात. ताई म्हणाली, लोकांच्या फुंकरा गोळा करायला पगार मिळतो, नशीब काढलंस. मी राहते तिच्याकडेच, आणि ती आमच्या डॉक्टरांची जुनी रुग्ण. संध्याकाळी चव बघितलेला चमचा तिने तसाच माझ्या तोंडात कोंबला. लहानपणापासून हेच. मीठ कमी होतं.

९ जून
ताईचे गोळ्यांचे तीन कोर्स झाले. दर वेळी तपासणी स्वच्छ, दर वेळी पोट पुन्हा पेटतं. आज कारण कळलं. तपासणीआधी दोन आठवडे आम्ल कमी करणारी गोळी बंद ठेवायची, हे आम्हाला शिकवताना घोकून घेतलं होतं. नाहीतर जंतू पोटाच्या खोल खाचांत दबून बसतात आणि श्वासात काही येत नाही. आमचे डॉक्टर मात्र तपासणीच्या सकाळीही ती गोळी घ्यायला लावतात. म्हणे रुग्णाला त्रास नको! तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांना सांगितलं, तर हसून म्हणाले, नव्याची नवलाई आहे, ओसरेल. इतक्या माणसांना हा माणूस बरं म्हणून घरी पाठवतो!
घरी येऊन पोटात जळायला लागलं. रागाचंच. ताईच्या औषधांतली तीच आम्लाची एक गोळी घेतली.

२४ जून
ताईची गोळी मी बंद करायला लावली होती. बिचारी कळवळली, मला वाट्टेल ते बोलली. आज फुंकर मारली. जंतू आहेत, भरपूर आहेत. निकाल डॉक्टरांच्या टेबलावर आपटला. म्हणाले, यंत्र बिघडलं असेल. चोराच्या उलट्या बोंबा!
ताईची पिशवी खुंटीवर राहिली होती. पंखा बंद होता. ती सावकाश फुगत होती, चपटी होत होती. रागाने डोळे फिरले असतील माझे. कचऱ्यात टाकली.

२५ जून
पिशवी खुंटीवर. सफाईवाल्या मावशी म्हणतात, त्यांनी हात लावलेला नाही. ताईला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. चौथा कोर्स.

१४ ऑगस्ट
ताई स्वच्छ! या वेळी गोळी बंद ठेवून तपासलं, खरंखुरं स्वच्छ. ती रडली, मीही. म्हणाली, आतून कुणीतरी घर सोडून गेल्यासारखं वाटतंय.
खुंटीवरची पिशवी मात्र हलते आहे.

१६ ऑगस्ट
ती कुणाच्या श्वासावर हलते ते कळलं. मी श्वास रोखला की थांबते.
इतके दिवस राग समजून मी ती गोळी गिळत होते. रोज. मी! डॉक्टरांना अक्कल शिकवणारी मी! लोका सांगे ब्रह्मज्ञान. माझ्या आत ते आरामात दबून बसले होते, आणि मीच त्यांना—
गोळी आजपासून बंद.

३० ऑगस्ट
फुंकर मारली. यंत्र म्हणतं, आहेत. माझी पिशवी ताईच्या पिशवीशेजारी टांगली. दोन्ही एकदम वर. एकदम खाली.
ताईला आत्ताच सांगायचं. हे जंतू उष्ट्यातूनच जातात. चमचा नको, उष्टं नको, काही नको—

जेवणाचा डबा घेऊन तीच इथे आली आहे. मी सकाळी चव घेतलेला चमचा डब्यातच. तोच स्वतःच्या तोंडाकडे नेत हसते आहे. म्हणते, बघू, मीठ बरोबर पडलंय का.
ओरडतेय मी. ताई, ठेव तो. आवाज फुटत नाही. सगळा श्वास तिकडे, खुंटीवर—
ताई, तो चमचा—