दाबून बसवलेले रिपोर्ट

३ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. आज कंपनीत इतिहास घडवला. दवाखान्यांचे सगळे रिपोर्ट आता मी शोधून आणलेल्या नव्या कॉम्प्रेशन लायब्ररीतून, म्हणजे फाइली दाबून लहान करणाऱ्या तयार प्रोग्राममधून जातात. ती कंपाइल होऊन, म्हणजे चालवायला तयार होऊनच येते, त्यामुळे एकच माल ब्राउझरमध्येही चालतो आणि सर्व्हरवरही. सोबत डिक्शनरी नावाची एक फाइल: रिपोर्टात नेहमी येणारे शब्द तिच्यात, रिपोर्टात त्यांच्या जागी नुसत्या खुणा, म्हणून रिपोर्ट एवढासा होतो. साहेब खूश. मूळ रिपोर्ट पुसून टाकले. उगाच जागा अडवत होते.
लायब्ररी कशी वापरायची याचं डॉक्युमेंटेशन रविवारी वाचणार. निश्चय.

५ मार्च
बाबांकडे गेलो. छातीच्या रिपोर्टांची पिशवी अजून कपाटात. फुप्फुसातल्या गाठीवर डॉक्टर लक्ष ठेवून आहेत, म्हणून बाबा पिशवी जिवापाड जपतात. समजावलं, सगळं आमच्या सर्व्हरवर आहे, कागद कसले सांभाळता. आधी कां-कूं केलं, मग स्वतःच रद्दीवाल्याला देऊन आले. शेजाऱ्यांना म्हणाले, आमच्या मुलानं बनवलंय. माझी मान ताठ.

८ मार्च, रविवार
डॉक्युमेंटेशन उघडलं. फारच लांबलचक दिसतंय. ज्याला काम येतं त्याला वाचावं लागत नाही. दुपारी झोपलो.

१२ मार्च
नवी डिक्शनरी तयार केली, आधीच्यापेक्षा कितीतरी सरस. जुनीच्या जागी, जुन्याच नावाने बसवली. ब्राउझर, सर्व्हर, दोन्हीकडे. जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमध्ये असल्या फाइली घालून कचरा करायचा नाही, हा माझा नियम. टेस्टिंगवाली म्हणाली, मागचा एखादा रिपोर्ट उघडून बघू या. म्हटलं, लोकांना ताजे रिपोर्ट हवे असतात. स्वभावच शंकेखोर तिचा.

१९ मार्च
बाबांचा नवा स्कॅन झाला. गाठ आहेच. डॉक्टरांना मागचं माप हवंय. वाढली असेल तर सुई घालून तुकडा काढायचा, नसेल तर नुसतं लक्ष ठेवायचं. या वयात, या फुप्फुसांना सुई सोपी नाही म्हणाले. घाबरायचं काय? रिपोर्ट घरचाच.

२० मार्च
रिपोर्ट उघडत नाही. कुठलाच जुना उघडत नाही. लायब्ररीचा दोष. लिहिणाऱ्यांना सडेतोड मेल टाकला.

२१ मार्च
उत्तर आलं, फार नम्र. ज्या डिक्शनरीने दाबलं तिनेच उघडतं. जुनी कुठेच नाही. बॅकअप आहे, पण दाबलेल्या रिपोर्टांचाच. टेस्टिंगवाली माझ्यासोबत जुनी डिक्शनरी शोधत बसली. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.
रद्दीवाल्याकडे जाऊन आलो. माल कधीच पुढे गेला.

२३ मार्च
डॉक्टर म्हणाले, माप नाही तर थांबण्यात अर्थ नाही. बाबांना सांगितलं, सर्व्हर बंद आहे. "होऊ दे सावकाश," म्हणाले, "माझ्यापायी तुझी धावपळ नको." सुईच्या कागदावर नातेवाईक म्हणून मी सही केली.

२४ मार्च
बाबांना आत नेलं. जाताना नर्सला सांगत होते, ते ऑनलाइन रिपोर्ट दिसतात ना, आमच्या मुलाचं काम आहे. मला भीती वाटतेय.
बाहेर बाकावर बसून डॉक्युमेंटेशन काढलं. तसं लांबलचक नाही. जुनी डिक्शनरी सांभाळून ठेवा, हे पहिल्याच पानावर आहे. सगळं वाचून झालं. बाबा अजून आत आहेत.