पाटीवरचा एक जास्त माणूस

तोरवाल, आयोवा
१८ मार्च २०१०

प्रिय डेलमार,

बरा असशील. दर नाताळला तुझं कार्ड येतं, आत नुसती सही. तेवढ्यावर मी वर्ष काढते. इथे बर्फ वितळतंय, गावभर चिखल आहे आणि माझा गुडघा नेहमीसारखा कुरकुरतोय.

यंदा गावाला सव्वाशे वर्षं होतात. चर्चच्या बायकांनी गावावर पुस्तक लिहायचं काम माझ्या गळ्यात मारलंय. इतिहास झटपट झाला: आगगाडीच्या इंजिनाला पाणी हवं होतं, म्हणून हे गाव वसलं. भूगोल त्याहून सोपा. नदी एक, टेकडी एकही नाही, सगळ्यात उंच धान्याचं कोठार. त्यावर चढून तू शेजारच्या हॅडली गावच्या पोरांना वेडावायचास, तेही लिहिलंय. गाडी लोकसंख्येपाशी अडलीय.

वेशीवरच्या पाटीवर लोकसंख्या १८७ आहे. हॅडलीत १८६. त्या एका माणसाच्या जोरावर आपलं गाव दहा वर्षं मिशीला पीळ देतंय. तो माणूस तू आहेस, डेलमार.

तू घर सोडून गेल्यावर १९८० च्या जनगणनेत मी तुझं नाव आपल्या घरात लिहिलं. बाबांनी फॉर्म वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि स्वतः पाकिटात घालून पोस्टात टाकून आले. १९९० ला तेच. २००० ला बाबा नव्हते, मी एकटीनेच लिहिलं. पोस्टातल्या लव्हॉनला ठाऊक आहे. काल नवा फॉर्म हातात देताना म्हणाली, "काय गं आर्डिस, यंदाही दोन माणसं? की मांजर धरून तीन?"

मी हसले. घरी येऊन मात्र खूप रडले.

आता ते लिहिते, जे बत्तीस वर्षं लिहिलं नाही. रुळांकडच्या कुरणाचं फाटक तू उघडं टाकलं नव्हतंस. मी टाकलं होतं. हॅडलीच्या नाचाला जायची घाई होती मला. सहा गायी गाडीखाली गेल्या. बाबा तुझ्यावर ओरडले, "चालता हो, तोंड दाखवू नकोस!" तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली मान घालून बटाटे सोलत राहिले. तुला ठाऊक होतं, तरी तू गप्प राहिलास. बाबा गेले, त्यांनाही मी सांगितलं नाही. त्यांना तू परत हवा होतास, एवढं त्या फॉर्मवरून मला कळलं होतं. मी एक वाक्य बोलले असते तर ते स्वतः तुला आणायला आले असते. माझी हिंमत झाली नाही. मला क्षमा कर, असं म्हणायचाही मला हक्क नाही, पण म्हणते.

रविवारी चर्चच्या तळघरात, कॉफीच्या वेळी, सगळ्यांसमोर फाटकाचं सांगितलं. सगळे आपापल्या कपात साखर ढवळत राहिले. आपली माणसं तू जाणतोस. फक्त म्हाताऱ्या गुनार काकांनी माझा कप पुन्हा भरला आणि म्हणाले, "मग त्या पोराला कळव की."

म्हणून हे पत्र. जनगणनेचा नियम असा आहे, की एक एप्रिलला जो घरात राहत असेल तोच मोजायचा. यंदा मला खोटं लिहायचं नाही. फॉर्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे. माझं नाव शाईने लिहिलंय, तुझं पेन्सिलीने. तुझी खोली वरचीच, खिडकी अजून अडकते. आलास तर शाईने गिरवू. नाही आलास तर खोडरबर माझ्याच हाताने चालवीन, आणि हॅडलीवाले हसले तर हसू देत.

फाटक उघडं टाकणारी, तुझी बहीण,
आर्डिस