तांबडी गिटार आणि कापलेली कॉइल

३ फेब्रुवारी, सोमवार

घेतली! एकोणसाठाव्या वर्षी इलेक्ट्रिक गिटार घेतली. लोक म्हणतील म्हातारचळ लागला. म्हणू देत.

गेलो होतो जुन्या सामानवाल्याकडे ग्राइंडर बघायला. त्याने वाट करायला कपाटामागची एक वस्तू सरकवली आणि ती नुसत्या धक्क्याने गुणगुणली. वीज नाही, काही नाही – कोरडं लाकूड. पण किती वेळ! ग्राइंडर माझ्या हातात आणि कान तिकडे. तांबडी, कडेचा रंग उडालेला, दोन तारा गायब. दुकानात दुरुस्तीला आलेल्या मोटारीचं झाकण उघडण्याआधी मी तिला ठोकून ऐकतो, तशी हिला ठोकून ऐकली. आतून भरीव आहे. असं लाकूड खोटं बोलत नाही.

"शेठ, एकदम चालू माल!" सामानवाला म्हणाला. जोडून दाखव म्हटलं. तारांखाली आवाज पकडणारे दोन पिकअप – त्यातला तारांच्या बुडाशी असलेल्या पुलाकडचा बोलतो, वर गळ्याकडचा मुका.

"एक मुका आहे," मी म्हटलं.

"अहो, दोघंही बोलायला लागले तर घर चालतं का?"

हसलो. हसणाऱ्या गिऱ्हाइकाला भाव उतरवून मिळत नाही हे ठाऊक असून हसलो. मग वर बघितलं. त्याच्या पंख्याचं बेअरिंग कोरडं झालं होतं, करकर अगदी बारीक. "आठ दिवसांत जाम होईल," म्हटलं. त्याला काहीच ऐकू येईना. पण माझ्या कानांची कीर्ती त्याने ऐकलेली. पंखा मी नीट करून द्यायचा, गिटार त्याने पडेल भावात द्यायची. जमलं.

बायको दारात उभी. खांद्यावरची पिशवी बघितली. "घरात कुरकुरणारं एक कमी होतं का?"

५ फेब्रुवारी, बुधवार

डाव्या हाताच्या बोटांची टोकं सोलली. पस्तीस वर्षं लोखंडाशी झटलेली बोटं, आणि एका तारेपुढे शरण!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मुका पिकअप खोलला. आत काय? चुंबक, आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. म्हणजे कॉइल! मीटर लावला – कुठेतरी तुटलेली. जन्मभर मी दुसरं काय केलं? पाण्याचे पंप, गिरणीच्या मोटारी, लिफ्टच्या मोटारी – जळलेली तार काढायची, नवी गुंडाळायची. बाई, योग्य घरी आलीस.

९ फेब्रुवारी, रविवार

दातांच्या डॉक्टरकडे गेलो. त्याच्या कॉम्प्रेसरची मोटार माझ्याकडेच असते. रविवारी दवाखाना बंद, खुर्च्या भिंतीला लावून तो आणि त्याचा मेव्हणा वाजवतात. डॉक्टर ड्रम, मेव्हणा बास.

"मालक, ताल धरणारी गिटार आम्हाला हवीच होती," डॉक्टर म्हणाला. "दोन मार्चला दवाखान्याला वीस वर्षं होतात. पेशंटना बोलावलंय. वाजवाल?"

मला कॉर्ड येतात तीन. "वाजवीन," म्हटलं. दुकान उघडलं तेव्हाही एवढंच येत होतं.

"फक्त तो गळ्याकडचा पिकअप बोलता करा. सगळा गोडवा तिथे असतो."

करतो की! त्यासाठीच तर जन्म आपला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गुंडाळली. दुकानातलं मशीन, बारीक तार खास मागवलेली, मोजणीच्या काउंटरवर सात हजार आठशे वेढे. एकावर एक, छापील ओळींसारखे. भिंग लावून बघितले – एक वेढा रेषेबाहेर नाही. कारागिरांना दाखवली. म्हटलं, बघून ठेवा, हात कशाला म्हणतात ते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बसवली. आवाज आला. पण कुठून? दोन घरं पलीकडून! कुणीतरी दार लावून वाजवतंय आणि आपण जिन्यात उभे आहोत, तसा.

मीटर म्हणतो ठीक. सोल्डर ठीक. बटण ठीक. मग काय ठीक नाही?

१५ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरला ऐकवलं. त्याने मान वाकडी केली. मी चुकीचा दात दाखवल्यासारखी.

"मालक, तुमची कॉइल फारच शिस्तीत झाली. जुने पिकअप हाताने गुंडाळायचे. वेढे वेडेवाकडे पडायचे, म्हणून तो आवाज."

वेडेवाकडे वेढे. घरी येईपर्यंत डोक्यात एकच माणूस.

लिहून टाकतो. इथे वाचायला कोण येतंय?

सत्तावीस वर्षं झाली. दुकान म्हणजे एक खोली, दोन कारागीर, आणि बायको. पंख्यांच्या कॉइल ती हाताने गुंडाळायची. भरभर, गप्पा मारत, आणि वेढे कसेही. मला ते बघवायचं नाही. एकदा शिंप्याचा पंखा तिने नव्या कॉइलने भरला. लावला तर नुसता हुं हुं करतो, फिरत नाही. शिंपी समोर, कारागीर समोर. मी कटर घेतला आणि तिची कॉइल कापून टाकली. "हे काय कोळ्याचं जाळं आहे?" म्हणालो. कारागीर हसले. तिने हात धुतले, रुमालाला पुसले, आणि पायऱ्या उतरली. पुढच्या महिन्यात शाळेच्या कचेरीत लागली. गेल्या वर्षी तिथून निवृत्त झाली. दुकानाच्या पायरीवर तिने पुन्हा पाय ठेवला नाही. उद्घाटनालासुद्धा नाही – नवीन शेड बांधली तेव्हा.

हे सगळ्यांना माहीत आहे. पुढचं फक्त मला.

तिची कॉइल कापून मी माझी भरली. पंखा लावला – तसाच, हुं हुं! मग कंडेन्सर बदलला. गरगर फिरला. दोष कॉइलचा नव्हताच. शिंपी तोवर निघून गेला होता, कारागीर जेवायला गेले होते. परत आल्यावर म्हणाले, मालकांचा हात लागला आणि चालू झाला. मी हो म्हटलं. तेव्हा वाटलं, मालकाची चूक दिसली की दुकान बसलं. दुकान तर केव्हाच उभं राहिलं. चूक मात्र अजून तिथेच बसलीये.

१७ फेब्रुवारी, सोमवार

विचारलं. सरळ विचारायची हिंमत मला मोठमोठ्या गिरणीमालकांपुढे आहे. इथे घसा खाकरावा लागला.

"एक कॉइल गुंडाळून देतेस?"

"कुणाला?"

"मला. या गिटारला. हाताने हवी."

ती चष्म्यावरून बघत राहिली. "कोळ्याचं जाळं हवंय?"

सत्तावीस वर्षं, आणि शब्द जसाच्या तसा! माझे कान तीक्ष्ण म्हणतात लोक. तिचे बघा.

"हो," म्हटलं. "तेच हवंय."

"ठेवा तिथे. मनात आलं तर बघते."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

गिटार, तार, पेचकस, सोल्डर – सगळं टेबलावर मांडून दुकानात आलो. दिवसभरात तीन मोटारींचं निदान चुकलं असतं. थोडक्यात वाचलो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी घरी आलो तर तांबडी खुर्चीवर टेकून ठेवलेली, सगळे स्क्रू जागेवर. बायको भाजी निवडत होती. "बघा वाजवून."

वाजवली.

काय सांगू! आवाज खोलीत आला. जवळ, गोल, कानाशी बसून बोलणारा. एक कॉर्ड धरला आणि सोडूच नये असं वाटलं. तेवढीच तीन बोटं, तेवढाच मी, पण असं वाटलं की कुणीतरी मला पुढे बोलावलं.

ती काहीतरी बोलायला लागली. मी थांबवलं. म्हटलं आता नाही बोललो तर बोलणारच नाही. म्हटलं, तुझा हात माझ्यापेक्षा सरस होता. मी चारचौघांत तुझी कॉइल कापली. चुकलो. माफ कर.

तिच्या हातातली भाजी तशीच राहिली. मग म्हणाली, "पाणी आणू का?"

कंडेन्सरचं नाही बोललो. माफी मागून झाली की! एका दिवशी किती मागायची?

२३ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टर डोळे मिटून ऐकत होता. "मालक, हा आवाज! कुणाचा हात?"

"घरचा!" छाती काढून सांगितलं. मशीनने जमत नाही ते बायकोच्या बोटांना जमतं – दोनदा सांगितलं, मेव्हण्याला ऐकू गेलं नसेल म्हणून तिसऱ्यांदा. त्याने लगेच आपल्या बासचा बिघडलेला पिकअप काढून हातात ठेवला. "काकूंनाच द्या. दुसऱ्या कुणाला नको."

पाचवा कॉर्ड आला. बोटं आता दुखत नाहीत. तांबडी खांद्यावर असली की मी माझ्याच दुकानात नवीन लागलेल्या कारागिरासारखा ताठ चालतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मेव्हण्याचा पिकअप बायकोपुढे ठेवला. ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अहो, मी एक वेढासुद्धा गुंडाळलेला नाही!"

"म्हणजे?"

"आत तुमचीच कॉइल आहे. तारा इथे आणि पिकअपची पेटी पार तिथे खाली बसवली होती तुम्ही. मोटारीत एवढी फट कुणी ठेवली असती तर तुम्ही त्याला हाकललं असतं. मी दोन स्क्रू पिळून पेटी वर घेतली. पाच मिनिटांचं काम."

हवेची फट! दोन सूत जास्त असली तर मोटारीत जीव राहत नाही – हे मी रोज दुसऱ्यांना सुनावतो. आणि स्वतः? कॉइलवरच अडून बसलो.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगतच होते. तुम्ही माफी मागायला लागलात. मध्येच कसं तोडायचं? एवढ्या वर्षांनी गाडी येतेय, तिला लाल सिग्नल कोण दाखवणार?"

मीही हसलो. "मग माफी मागे घेऊ का?"

"घ्या ना. कपाटात घडी करून ठेवलीये."

"राहू दे," म्हटलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

दोनदा कॉइलला दोष दिला. दोन्ही वेळा कॉइल निर्दोष. एकदा तिची, एकदा माझी. माझ्या कॉइलच्या वेळी तिने दोन स्क्रू पिळले आणि गप्प बसली. तिच्या कॉइलच्या वेळी मी कटर चालवला आणि गप्प बसलो.

तिने माफी घडी करून ठेवलीये ती कशाची? चारचौघांत कॉइल कापल्याची. कॉइल चांगलीच होती आणि मला ते त्याच दिवशी कळलं होतं, त्याची नाही.

सांगायला हवं. सांगितलं तर काय होईल? हे मला ऐकू येत नाही. मोटार असती तर सांगितलं असतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज नाही जमलं. पाहुणे होते. (पाहुणे साडेपाचला गेले.)

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरकडे शेवटची तालीम. एकही चूक नाही! मेव्हणा म्हणाला, "काका, तुम्ही तर आमच्यात मुरलेले वाटता." तांबडी अशी वाजली की खुर्चीवरचं दातांचं मॉडेलसुद्धा हसत होतं.

बायकोला म्हटलं, परवा ये ऐकायला. "बघू," म्हणाली. सत्तावीस वर्षांत माझ्या कुठल्याच कार्यक्रमाला ती 'बघू'च्या पुढे गेलेली नाही.

१ मार्च, शनिवार

सांगितलं. शिंपी, पंखा, कंडेन्सर. उभ्या उभ्या, एका दमात.

तिने माझ्या हत्यारांच्या पेटीतून कटर काढला. तांबडीजवळ गेली. सगळ्यात जाड तार – कट्! इतका वाईट आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. कटर तिने माझ्या हातात ठेवला.

"कळलं?"

"कळलं."

हात धुतले. रुमालाला पुसले. तेच सगळं, तसंच. मी दाराकडे बघत राहिलो. पण ती टेबलाशी आली आणि मेव्हण्याचा पिकअप उचलला.

"ते गुंडाळायचं मशीन दुकानातच असतं ना?"

"हो."

"किती वाजता उघडता?"

"उद्या रविवार आहे."

"मग परवा किती वाजता?"