मिठाच्या पिठातला हात

४ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

यात इतकं मीठ घातलंय की हे आपल्या सगळ्यांच्या मागे उरेल, असं आई म्हणाली होती. काल टिकलीला घेऊन नाताळच्या सुट्टीची बिस्किटं करायला बसले आणि ते वाक्य कानात वाजलं.

तुला सगळं आठवत असणार, तरी लिहिते. मी सहा वर्षांची होते. एका परातीत मधाच्या बिस्किटांचं पीठ होतं, दुसरीत शोभेच्या वस्तूंचं, नुसतं मैदा, मीठ आणि पाणी. आईने माझा हात त्या दुसऱ्या पिठात दाबला, भोवतीच्या कडा सुरीने कापल्या, आणि तिची पाठ वळते न वळते तोच मी त्याचा चावा घेतला. मग थू थू करत घरभर नाचले. आई पोट धरधरून हसली, ते वाक्य म्हणाली आणि दातांच्या खुणा न पुसता तो हात तसाच ओव्हनमध्ये सरकवला. साखर कुठेही लपवा, ही पोचणारच, म्हणून मला मुंगी म्हणायचेच. त्या दिवसापासून तू मला मिठाची मुंगी म्हणून चिडवायला लागलीस.

ताई, या नव्या घराला एकदाची मोठी खिडकी मिळाली आहे. टिकलीने संत्र्याच्या चकत्या वाळवून दोऱ्यात ओवल्या, कागदाच्या साखळ्या केल्या. अर्ध्या साखळ्या तिने स्वतःच्याच केसांना चिकटवल्या, ते सोड. मला त्या खिडकीत तुझ्याकडचा आईचा निळा डबा रिकामा करायचा आहे. चार चांदण्या, तो जाड्या पक्षी आणि माझा हात. टिकली आता सहाची आहे. लेकीचा हात माझ्या त्या हातावर ठेवून बघायचा आहे.

मागायला तोंड नाही, हे मला कळतं. दोन वर्षं आईचं सगळं तू एकटीने केलंस. मी मधे दहा दिवस आले, आणि मग सगळं संपल्यावर आले. लॅबमधून रजा मिळाली नाही असं तेव्हा सांगितलं. खरं म्हणजे दुसऱ्यांदा मी मागितलीच नव्हती. फोनवर डब्याचं विचारलं की तू बघते म्हणतेस आणि भाजीच्या भावावर जातेस, म्हणून हे पत्र.

आणि एक विचारायचं होतं. त्या डब्यात तुझा हात का नव्हता गं?

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
मुंगी


९ डिसेंबर

चि. मुंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. दुकानात सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही. सुट्टी आली की लोकांना वर्षभर गुंडाळून ठेवलेले फोटो अचानक भिंतीवर हवे होतात, आणि तेही उद्या संध्याकाळपर्यंत. काचेची धार लागून माझ्या दोन बोटांना पट्ट्या आहेत, म्हणून अक्षर असं. तुझ्या अक्षराला निमित्त काय, ते तू सांग.

डबा माळ्यावर होता. सगळं काही राहिलेलं नाही. तीन चांदण्या आणि तुझा हात एवढंच धड आहे, पक्षी कधीच फुटला. कापसात बांधून कुरिअरने पाठवते. स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगू नकोस. वाफ लागली की मीठ पाणी ओढतं आणि पीठ मऊ पडतं. त्याला ओलाव्याइतका वैरी दुसरा नाही.

टिकलीला म्हणावं, बिस्किटं फार पातळ लाटू नकोस, कडा करपतात. तुझी आई लहानपणी दरवर्षी करपवायची आणि करपलेली मला वाढायची, हेही तिला सांग.

माझ्या हाताचं विचारलंस. माझे हात कोपरापर्यंत पिठात असायचे, बाई. परात माझ्याकडे, लाटणं माझ्याकडे. मळणाऱ्याचा ठसा कोण घेतं? आईच्याही ते ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. तू विचारलंस ते एक बरं केलंस.

रजेचं मनाला लावून घेऊ नकोस. ज्याचं त्याला माहीत असतं.

मोठ्या बहिणीसाठी थोडा लोभ शिल्लक ठेव.

ताई


१७ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पार्सल मंगळवारी मिळालं. कापूस काढला आणि हात पाहून मी खाली फरशीवरच बसले. पाठीमागे ते खळगे आहेत ना, ओला गोळा उचलताना बोटं रुततात तसे, त्यांत मी माझी बोटं बसवली आणि आईची बोटं म्हणून पोटभर रडले. टिकली पाणी घेऊन आली. मग आम्ही तो लाल फितीने खिडकीत टांगला.

हे पत्र इथेच संपलं असतं. पण या महिन्यात टिकलीचे वरचे पुढचे दोन दात पडले आहेत. बोलताना शिट्टी वाजते. काल तिने खुर्चीवर चढून तो हात उतरवला, दातांच्या खुणांना तोंड लावून पाहिलं आणि म्हणाली की हे दात तुझे नाहीत. मी हसले. ती आत जाऊन जुना अल्बम घेऊन आली. त्यातला तो फोटो, टेबलाशी मी, नुकता भाजलेला हात छातीशी धरलेला, आणि हसताना तोंडाला मधे एवढी मोठी खिडकी. माझेही पुढचे दोन दात तेव्हा पडलेले होते, ताई. या हाताच्या कडेला ओळीने सगळे दात आहेत, एकही कमी नाही.

मग मी तो नाकाशी नेला. चहाचा वास येतो. जुनी चित्रं नवीन कागदावर छापून चहाच्या पाण्याने पिवळी करतात, हे तूच मला दुकानात दाखवलं होतंस.

मी रागावले नाही असं लिहिणार होते. पण रागावले आहे. वस्तू फुटतात, हरवतात, तेवढं सांगितलं असतंस तर मी मागितल्याबद्दल माफी मागून गप्प बसले असते. मी कुणाच्या बोटांवर रडले, तेवढं मला सांग. टिकली सारखी विचारते आहे की हे कुणाचे दात. तिला मी म्हटलं, मावशीला माहीत आहे.

पत्र पोचल्याचं तरी कळव.

मुंगी


२१ डिसेंबर

चि. मुंगीस,
आशीर्वाद. आज द्यायचा अधिकार आहे की नाही, ठाऊक नाही.

दात आमच्या दुकानाच्या मालकांच्या नातीचे आहेत, हातही तिचाच. ती पाच वर्षांची आहे, बत्तिशी शाबूत. मीच तिला म्हटलं, जोरात चाव. तुझा चावा माझ्या पक्का लक्षात होता. फटीचं विसरले. इतकी वर्षं त्या फटीवरून तुला चिडवलं, आणि नेमकी तीच विसरले.

आई गेल्यावर घर रिकामं करताना सामान मागच्या अंगणात काढलं होतं. निळा डबा नळाखाली आला. मी मुद्दाम ठेवला नाही, एवढं खरं आहे. नळ ठिबकत होता आणि झाकण सैल होतं. सकाळी हातात चहाचा कप घेऊन मी ते पाहिलं. संध्याकाळी पुन्हा पाहिलं. मिठाला पाणी लागलं की काय होतं, ते माझ्याहून जास्त कुणाला माहीत? मी उचलला नाही. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं तेव्हा आत पांढरा चिखल आणि त्यात फितीचे तुकडे होते. डबा घासला आणि उपडा घातला. रडले नाही.

का, ते सांगते. शेवटच्या सहा महिन्यांत आईने तो हात उशाशी ठेवला होता. घास मी भरवायचे आणि ती कुरवाळायची तुझा हात. एकदा मी तिचं तोंड पुसत होते, तर माझं मनगट धरून मला मुंगी म्हणाली. मी ओ दिली. नंतर रोज दिली. तू रजा मागितली नाहीस ते मला तेव्हाच कळलं होतं, पण राग तुझ्यावर काढता आला नाही. तू लांब होतीस. हात जवळ होता.

पाठीमागचे खळगे माझ्या बोटांचे आहेत. तू माझ्या बोटांवर रडलीस. ते वाचून लाज वाटली, आणि आता खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याचीच जास्त लाज वाटते.

मालकांची नात रोज विचारते, माझा हात खिडकीत टांगला का. तिला मी काही सांगितलेलं नाही. तो उतरवून टाकलास तरी मी काही म्हणणार नाही. टिकलीला सगळं खरं सांग. मावशी खोटारडी आहे, हेसुद्धा.

मुंगे, एक मागते. तू नाही म्हणशील, आणि तुझ्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. टिकलीचे नवे दात यायच्या आत तिचा हात पिठात दाब, तिला कडेचा चावा घेऊ दे, मंद आचेवर चांगला खुटखुटीत वाळव, आणि मला पाठव. मी तो कोरड्या जागी ठेवीन.

ताई