मुनीम अडून बसलाय

दि. ६ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र पाहून दचकू नकोस, माझी तब्येत ठीक आहे. फोन मुद्दामच केला नाही. मागच्या वेळी आपण हवापाण्यापासून सुरुवात केली आणि दहा मिनिटांत बाबांच्या आजारपणापर्यंत पोहोचून एकमेकांवर ओरडलो. कागदावर ओरडता येत नाही, तेवढीच शांतता.

काम असं की मुनीम अडून बसलाय. आपल्या टॅक्सच्या प्रोग्रॅमला बाबांनी ठेवलेलं नाव तू विसरला नसशील. दर जूनमध्ये तो अपडेट होतो, या वर्षीचे नवे फॉर्म उतरवून घेतो आणि मग कामाला लागतो. यंदा हिरवी पट्टी निम्म्यापर्यंत सरकते आणि थांबते. अपडेट होऊ शकलं नाही, पुन्हा प्रयत्न करा, असं म्हणतो. गेल्या आठवड्यात मी चौदा वेळा प्रयत्न केला. नवे फॉर्म आल्याशिवाय एकाचंही रिटर्न भरता येत नाही आणि जुलैअखेर मुदत संपते. एकतीस क्लायंट उरलेत. तुझ्या वेळच्या निम्मेही नाहीत, पण तेवढ्यांनीही माझा जीव मेटाकुटीला येतो हल्ली.

यंत्रातलं कळणारं डोकं आपल्या घरात एकच, आणि ते तू दोन वर्षांत परत येतो म्हणून घेऊन गेलास त्याला आता चार वर्षं झाली. काय करू ते कळव. भावजयीला आशीर्वाद सांग.

लोभ निदान मुनीम ताळ्यावर येईपर्यंत तरी राहू दे.

तुझी,
ताई


दि. ११ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तलावाच्या पायरीवर बसूनच वाचलं, म्हणून कागद दमट लागेल. सकाळची तुकडी नुकतीच संपली होती. या वेळी माझ्याकडे पाण्याला घाबरणारी नऊ मोठी माणसं आहेत. त्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक तीन आठवडे पहिल्या पायरीवरच बसून आहेत. रोज टॉवेल घेऊन येतात, मला पोहण्याचे फायदे समजावून सांगतात आणि कोरडेच घरी जातात.

आता मुनीम. आधी कॉम्प्युटर बंद करून भिंतीतला प्लगच काढ आणि पाच मिनिटांनी लाव. हसू नकोस, निम्मे आजार एवढ्यानं बरे होतात. मग कोपऱ्यातली तारीख बघ. तारीख चुकीची असली तर अपडेट नाकारलं जातं. अँटिव्हायरस दहा मिनिटं बंद ठेव, कधी कधी तो घरच्यांनाच चोर समजतो. हार्ड डिस्क भरली असेल तर कचरा काढ. आणि प्रोग्रॅम उघडताना नुसता उघडू नकोस, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघड. मालकीण तूच आहेस, पण यंत्राला ते दर वेळी सांगावं लागतं.

एवढ्यानं व्हायला हवं. नाही झालं तर संदेशात अजून काही लिहिलेलं असतं का ते बघ. तू गुडघे दुखतात म्हणाली होतीस, त्यांचं काय केलंस?

रागावायचं असेल तर मुनीमवर रागाव, माझ्यावर माया असू दे.

तुझा,
धाकटा


दि. १७ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

प्लग काढायला टेबलाखाली गेले आणि उठताच येईना. शेवटी तुझ्या खुर्चीचा पाय धरून उठले. बाहेर बेकरीवाला त्याची पावत्यांची पिशवी घेऊन बसला होता. टेबलाखालून मी बाहेर आलेली पाहून तो बिचारा उभाच राहिला. गुडघ्यांचं काय केलं याचं उत्तर तुला यातच मिळालं असेल.

तारीख बरोबर होती, वारसुद्धा. अँटिव्हायरस बंद केला आणि ती दहा मिनिटं मीच पडद्यासमोर राखण करत बसले. कचरा काढला. ॲडमिनिस्ट्रेटर होऊन पाहिलं. पट्टी तिथवरच येते आणि थांबते. मग कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. चाळीस मिनिटं एकच धून ऐकवल्यावर एक बाई बोलली, अगदी गोड. तिनंही तुझाच पाढा वाचला आणि नंतर आणखी थोडं काहीबाही सांगितलं. ते काही मोठंसं नाही.

समोरच्या इमारतीतल्या मोठ्या ऑफिसची बाई भेटली की हल्ली विचारते, क्लायंट आम्हाला देता का. मी हसून वेळ मारून नेते. बाबांनी आपल्या दोघांसाठी लावलेलं दुकान, एकटीनं कसं देऊन टाकू?

दमले रे. दुपारी जेवल्यावर पाठ टेकली की उठावंसं वाटत नाही. तू जाताना नेलास तो कॉम्प्युटर चालतो ना अजून? सहज विचारलं.

पायरीवरच्या मुख्याध्यापकांना माझा नमस्कार सांग. माणूस आवडला मला.

आठवण ठेवावी, एवढंच मागणं.

तुझी,
ताई


दि. २२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आता जरा खोलात जाऊ. आधी सगळ्या क्लायंटांच्या फायली एका पेन ड्राइव्हवर उतरवून घे. दोन ड्राइव्हवर घे, एकावर माझा विश्वास नाही. मग मुनीम पूर्ण काढून टाक आणि मूळ सीडीवरून पुन्हा बसव. सीडी बाबांच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांखाली असेल. तरीही पट्टी थांबली तर इंटरनेटची वायर बदलून बघ. दुकानातून मीटरभर लांबच आण, आखूड वायर खेचली जाते. राउटर भिंतीला चिकटून असेल तर थोडा पुढे ओढ. तापत असेल.

मुख्याध्यापक परवा दुसऱ्या पायरीवर आले. गुडघ्यापर्यंत पाणी. सगळ्या तुकडीनं टाळ्या वाजवल्या, तसे ते चिडून पुन्हा वर गेले. तू फोनवर ऐकलेला माझा खोकला आता बरा आहे. तुझी भावजय म्हणते की ताईंना एकदा नीट सविस्तर लिही. लिहीन. आत्ता तुकडीची वेळ झाली.

वायरीचं विसरू नकोस. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


दि. २९ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मीटरभर वायर आणली नाही. राउटर ओढला नाही. सीडी सापडली, ती परत विम्याच्या कागदांखाली ठेवून दिली. मी काहीच केलं नाही, कारण वायरीचा काही दोष नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आणि तुझं हे पत्र वाचून वाटतंय की तुलाही माहीत आहे. तू विचारलंस की संदेशात अजून काही लिहिलंय का. लिहिलंय. दुसरी ओळ मी तुला कळवलीच नव्हती. ती अशी, की या परवान्यावरचा दुसरा कॉम्प्युटर सापडत नाही.

गोड बोलणाऱ्या बाईनं मला नीट समजावलं होतं. बाबांनी परवाना एकच घेतला, दोन कॉम्प्युटरचा, आपल्या दोघांच्या नावानं. यंदापासून कंपनीचा नियम असा की एक मागे राहिला तर दुसरा पुढे जात नाही. म्हणजे तू तिकडे तुझा कॉम्प्युटर लावायचास आणि दोनपैकी एक करायचंस. एक तर तोही अपडेट करायचा, म्हणजे तू आहेस. नाहीतर परवान्यावरून तुझं नाव काढून टाकायचं, म्हणजे तू नाहीस. दोन मिनिटांचं काम आहे. तेवढं विचारायला मला तीन पत्रं लागली आणि अजून धाडस झालेलं नाही, बघ कशी गोल गोल फिरते आहे.

विचारते. तू परत येणार आहेस का? हो असेल तर हो म्हण, नाही असेल तर नाही म्हण. पण आता सांग. बेकरीवाला तिसऱ्यांदा येऊन गेला, दातांची डॉक्टरीण दोनदा. मी सगळ्यांना यंत्र बिघडलंय म्हणून सांगते आणि मला खोटं बोलायचासुद्धा कंटाळा आलाय.

उत्तर काहीही आलं तरी मी तुझी बहीणच राहीन, हे गृहीत धर.

ताई


दि. ५ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कॉम्प्युटर माझ्याकडे नाही. इथे आल्यावर तिसऱ्याच महिन्यात तो जुन्या सामानाच्या दुकानात दिला आणि त्याच्या बदल्यात कपडे धुण्याचं मशीन आणलं. रोजचे ओले टॉवेल, चड्ड्या, तुझ्या भावजयीच्या नाकी नऊ आले होते. देताना मला काहीच वाटलं नाही, ताई. घरी येऊन मशीन सुरू केलं तेव्हा वाटलं, आणि मग इतकं वाटलं की तुला सांगायची हिंमतच झाली नाही. परवाना दोन कॉम्प्युटरचा आहे हे ठाऊक होतं, म्हणून तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मी ओळखलं काय झालं असेल ते. प्लग काढ, तारीख बघ, हे सगळं तोंड लपवायला लिहिलं. तुला त्या टेबलाखाली पाठवलं याची मला लाज वाटते.

मी परत येणार नाही. दोन वर्षांत येतो म्हणालो तेव्हा ते खरंच वाटत होतं. पण घाबरलेला माणूस हात सोडून पाण्यावर तरंगतो तेव्हा त्याचा चेहरा बघून जे वाटतं, ते रिटर्न भरताना कधी वाटलं नाही. हे तुला चार वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. नाही म्हणालो नाही, कारण बाबांचं दुकान तू एकटीनं ओढते आहेस. निदान कागदावर तरी मी शेजारी आहे असं तुला वाटावं. एकटी पडलीस असं वाटू नये.

मी मदतकेंद्राला फोन केला. कॉम्प्युटर हाताशी नसेल तर दोघांच्या सह्यांचा अर्ज लागतो. अर्ज सोबत पाठवला आहे, माझी सही केलेली. नाव का काढायचं, त्या कारणाची जागा मी कोरी ठेवली. तीन वेळा पेन टेकवलं, जमलं नाही. तू लिही.

शिव्या देशील त्या सगळ्या मान्य. फक्त पत्र बंद करू नकोस.

तुझा,
धाकटा


दि. १६ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

अर्ज पोहोचला. पत्रातलं ते कपडे धुण्याचं मशीन वाचून मी इतकी हसले की शेजारीण बघायला आली. मग थोडी रडले. मग अर्ज भरला. कारणाच्या जागी लिहिलं, भाऊ दुसऱ्या कामात रमला. कंपनीला चाललं ते. आठ दिवसांनी त्यांचा होकार आला, म्हणजे आज सकाळी.

मुनीम उघडला. त्यानं विचारलं, दुसरं नाव कायमचं काढायचं का. मी हो म्हटलं. हिरवी पट्टी सरकत गेली ती थांबलीच नाही. नऊ मिनिटं लागली. दीड महिना अडलेलं काम नऊ मिनिटांत झालं. दोघांची नावं जिथे दिसायची तिथे माझं एकटीचं दिसलं. वाटलं होतं, आता मला भरून येईल. तसं काही झालं नाही. मला झोप आली. टेबलावर डोकं ठेवलं आणि गाढ झोपले, ऑफिसात, सकाळी अकरा वाजता. बेकरीवाल्यानं दार वाजवून उठवलं तेव्हा बारा वाजून गेले होते. त्याचं रिटर्न सर्वांत आधी भरलं.

जागी झाल्यावर एक गोष्ट लख्ख कळली, ती तुला सांगायलाच हवी. मला हे काम चार वर्षांपूर्वीच सोडायचं होतं. बाबा गेले त्याच महिन्यात. मी दुकान उघडं ठेवलं ते तुझ्यासाठी. तू परत येशील तेव्हा तुझी जागा असावी, दार बंद दिसू नये म्हणून. आणि तू परवान्यावर नाव राहू दिलंस ते माझ्यासाठी. कोणीतरी एकानं आधी नाही म्हणायला हवं होतं, धाकट्या. तू म्हणालास, त्यासाठी तुझे आभार.

उरलेली तीस रिटर्न भरून झाली की क्लायंट समोरच्या ऑफिसला देणार. आज संध्याकाळी त्या बाईला तसं सांगून आले. ती गप्पा मारायच्या बेतात होती, पण मी घरी येऊन पुन्हा झोपले.

तुझ्या लोभाची मला गरज आहे, हे आता सरळच लिहिते.

तुझी,
ताई